हाताचा व्यास

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, ९ जून २०२४

विनिता,

प्रिय, सप्रेम वगैरे काही लिहीत नाही. आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

लेथ, लोखंड कातायचं यंत्र. कल्याणच्या भंगारवाल्याकडून नुसता बेड आणलेला, सहा फुटी, गंजून लाल झालेला. स्पिंडल, बुश, टूलपोस्ट, सगळं मी केलं. १९९६. अजून डोंबिवलीच्या गाळ्यात चालू आहे आणि केसाच्या जाडीइतकाही हलत नाही.

ओट्याचा सांगाडा. उंची एकतीस इंच, कारण तू चार फूट अकरा. बिल्डरने सगळ्या इमारतीत चौतीस इंच दिलेली. शेजारच्या बायका अजून खांदे दुखतात म्हणून बाम चोळतात. तू कधी चोळलास?

कुकरची मूठ, दोनदा. देवघराची घंटा, लोलकासकट. पंख्याचं बेअरिंग बसवायचं हत्यार. तुझ्या वडिलांची, मारुतीतात्यांची, बांगड्या मापायची पितळी दांडी: खाली जाड, वर निमुळती, दोन दोनपासून दोन बारापर्यंत सहा पायऱ्या. कल्याणच्या बाजारात तशी दुसरी असेल तर आणून दाखव.

आणि वही. २१८ पानं, रेघा मी मारलेल्या, शिवण माझी, पुठ्ठा माझा. विषय एकच, व्यास. शाळेत तो एका ओळीत संपतो: वर्तुळाच्या मध्यातून जाणारी, दोन्ही टोकं वर्तुळावर टेकलेली रेघ. मी दहावी नापास माणूस. एकोणीस वर्षं एक्केचाळीस माणसांच्या दारात जाऊन एकच प्रश्न विचारला, तुमच्या धंद्यात व्यास म्हणजे काय? एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळलं नाही. ती न जुळणारी उत्तरं म्हणजे माझी वही.

त्या २१८ पानांतली २०४ आज माझ्याकडे आहेत. पान ६१ ते ७४, बांगड्यांचं प्रकरण, तू घेऊन गेलीस. फाडूनसुद्धा नाही. शिवणीचा दोरा उसवून, पानं काढून, दोऱ्याला परत गाठ मारून ठेवलीस. फाडली असतीस तर तुला राग आलाय एवढं तरी कळलं असतं.

नौपाड्यातले प्रकाशक वही छापायला घेतायत. ३१ ऑगस्टपर्यंत सगळी पानं त्यांच्या हातात पाहिजेत. बांगड्यांचं प्रकरण त्यांना सर्वांत आधी हवंय. ते नसेल तर पुस्तक नाही, असं त्यांच्या संपादक बाई कृतिका यांनी तोंडावर सांगितलं. माझी एकोणीस वर्षं त्या चौदा पानांवर अडकली आहेत, आणि ती तुझ्या माहेरच्या बांगड्यांच्या दुकानाच्या गल्ल्यात पडली असतील.

कारण काय? २६ मेला संध्याकाळी मी पुस्तकाच्या शेवटी द्यायची आभारांची यादी मोठ्याने वाचली. तू पोळ्या लाटत होतीस. यादी संपली. तू लाटणं ठेवलंस. मी विचारलं, कशी वाटली? म्हणालीस, ‘‘यादी परत वाचा.’’ दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन कल्याणला भावाकडे. बावीस वर्षांच्या पोरीने करावं ते त्रेपन्नाव्या वर्षी!

मी यादी परत वाचली. तीनदा. एक्केचाळीस नावं, एक काना-मात्रा चुकलेली नाही. सातव्या क्रमांकावर ‘बांगड्यांची माहिती: माझे सासरे कै. मारुतीतात्या’ असं स्वच्छ लिहिलंय. तुझ्या वडिलांना मान दिला, त्याच्यावर आणखी काय पाहिजे?

फोन उचलत नाहीस. आपल्या लेकीला, प्राचीला, म्हणालीस म्हणे, ‘‘तुझे बाबा बोलायला लागले की दुसऱ्याला फक्त ऐकायचं काम उरतं. त्यांना म्हणावं, लिहून द्या.’’

घे. दिलं लिहून. पानं पाठव.

दामाजी

कोपरी
शनिवार, २९ जून २०२४

विनिता,

वीस दिवसांनी उत्तर, तेही दुकानाच्या बिलाच्या पाठीवर, एका ओळीचं. ‘पानं दिली तर त्यांवर हस्ताक्षर कोणाचं आहे ते प्रकाशकांना सांगाल का?’

हस्ताक्षर तुझं आहे. मी नाकारलंय का कधी? माझं अक्षर कोंबडीचे पाय, तुझं छापल्यासारखं. म्हणून ते प्रकरण तू उतरवून काढलंस. कोर्टात कारकून निकाल टाइप करतो म्हणून निकाल त्याचा होत नाही.

त्या प्रकरणासाठी २००९च्या श्रावणात दुकानात रोज मापं घेतली गेली. तीनशे बारा हात. प्रत्येक हाताचं नाव, वय, मनगटाचा घेर, बोटांच्या मुळाशी घेर, आणि शेवटी कुठल्या मापाची बांगडी चढली. अशी नोंद देशात कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. प्रश्न माझा होता, विनिता. व्यासाचा विचार मी केला. तो प्रश्न घेऊन मी कुठे कुठे फिरलो ते तुला माहीत आहे, तरी परत लिहितो, कारण तू विसरलेली दिसतेस.

शीळफाट्याचा काळुराम प्लंबर. मी त्याला म्हटलं, हा अर्ध्या इंचाचा पाइप, माझ्या व्हर्निअरने बाहेरून २१.३ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. आतूनही तो तेवढा नाही. मग अर्धा इंच आहे कुठे? तो म्हणाला, ‘‘शेठ, माझं नाव काळुराम. मी काळा आहे का? नाव ते नाव.’’ आणि खरंच, गोरापान माणूस. प्लंबिंगमध्ये व्यास हे नाव आहे, माप नाही. पान १२.

सिव्हिल हॉस्पिटलच्या सिस्टर. माझ्या वडिलांना लघवीची नळी घालताना त्या सोळा नंबर म्हणाल्या. सोळा काय? सोळाला तीनने भागा, तेवढे मिलिमीटर जाडी. बाप आत कण्हतोय आणि मी बाहेर भागाकार करतोय म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. पान ३३.

सोनार अंगठीचा व्यास विचारतच नाही. त्याचा नंबर अधिक चाळीस म्हणजे अंगठीचा आतला घेर, मिलिमीटरमध्ये. झाडं मोजणारे महापालिकेचे साहेब खोडाचा घेर मोजतात, तोही छातीच्या उंचीवर. मी विचारलं, कोणाच्या छातीच्या? त्यांनी मला गेटबाहेर काढलं. पुढे दुसऱ्याने सांगितलं, एक मीटर सदतीस सेंटिमीटर. आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या भीमाबाई. जाळ्याच्या भोकाला मी व्हर्निअर लावायला लागलो तर हसून हसून खाली बसल्या. ‘‘भोकाचा कसला व्यास रं! म्हावरं ऱ्हातंय का जातंय तेवरा बघायचा.’’

या सगळ्यांकडे मी गेलो. माझे पाय, माझे रविवार. दुकानातही मीच…

असो. आता खरा संताप ऐक. तू नेण्याआधी मी दोन पानांचे फोटो काढून प्रकाशकांना दिलेले, ६३ आणि ६४. त्याचा छापील नमुना आला. कृतिकाबाईंनी ‘वाचकांच्या सोयीसाठी’ सगळी मापं मिलिमीटरमध्ये करून घेतली. दोन चारची बांगडी त्यांनी दोन पूर्णांक चार इंच धरली, म्हणजे ६०.९६ मिलिमीटर!

तुला सांगायला नको. दोन चार म्हणजे दोन इंच आणि इंचाच्या सोळा भागांतले चार. सव्वादोन इंच. ५७.१५. फरक ३.८१ मिलिमीटर. मी एक दशांश मिलिमीटर चुकलेला माल परत घेणारा माणूस, माझ्या नावावर तीन पूर्णांक एक्क्याऐंशीची चूक छापणार? आणि पुढचं ऐक. त्यांच्या कॉम्प्युटरने बांगड्या लहान-मोठ्या क्रमाने लावल्या. दोन दहा सगळ्यात आधी! का, तर दोन पूर्णांक दहा शतांश. मोठ्या हाताची बांगडी पहिलीतल्या पोरीच्या रांगेत नेऊन बसवली.

मी तिथेच ओरडलो. कृतिकाबाई पोरीच्या वयाच्या, शांत. म्हणाल्या, ‘‘काका, मूळ पानं आणा, सगळं दुरुस्त करते. पण सोळा भाग आजकाल कोणाला कळणार?’’

म्हटलं, कल्याणला या, दुकानात बसवतो, चौथी शिकलेल्या बायका ‘दोन सहा द्या, दोन आठ द्या’ म्हणत येतात, एक चुकत नाही.

वर तज्ज्ञ संपादक म्हणून कव्हरवर कुठल्याशा निवृत्त प्राचार्यांचं नाव माझ्या नावाच्या वर! त्यांनी वहीत काय केलं? एक ओळ लिहिली नाही, एक माप घेतलं नाही, आणि नाव वर. याला चोरी म्हणतात. मी स्पष्ट सांगितलं, ज्याने काम केलं त्याचंच नाव लागेल.

पानं पाठव. आकडे दाखवल्याशिवाय त्यांच्याशी भांडता येत नाही.

दामाजी

कोपरी
मंगळवार, २० ऑगस्ट २०२४

विनिता,

परवा दुकानात जे झालं त्याबद्दल लिहितोय. तू मला चार बायकांसमोर हसवलंस. म्हणजे त्यांना हसवलंस, माझ्यावर.

मी पानं मागायला आलेलो. श्रावणातला रविवार, दुसऱ्या दिवशी राखी, गर्दी असणार हे मला कळायला हवं होतं, मान्य. पण आलेल्या नवऱ्याला ‘बसा’ म्हणायची पद्धत आहे. तू म्हणालीस, ‘‘अहो, ते स्टूल गिऱ्हाइकांचं आहे.’’ स्टूल मी केलेलं!

मग त्या वैशालीबाई आल्या. आजारातून उठलेल्या, बोटांचे सांधे सुजलेले. म्हणाल्या, ‘‘पूर्वी मला दोन सहा व्हायची, आता काय होईल सांग.’’ तू त्यांचा हात दोन्ही हातांत घेतलास, अंगठा आत दुमडलास, एकदा दाबलास. दोन सेकंद. ‘‘दोन दहा.’’

मी खिशातून व्हर्निअर काढला. चूक झाली? एकोणीस वर्षांची सवय आहे. त्यांच्या बोटांच्या मुळाशी रुंदी घेतली, जाडी घेतली, कागदावर घेर काढला, भागिले बावीस सप्तमांश. त्रेसष्ट मिलिमीटर. म्हटलं, दोन आठ. दोन दहा ढगळ होईल, भांडी घासताना निसटेल.

तू म्हणालीस, ‘‘नका चढवू.’’

मी म्हटलं, गणित आहे हे.

वैशालीबाई बिचाऱ्या. ‘‘भाऊ एवढे सांगतायत तर बघू या.’’ हिरवी काच. सांध्यापर्यंत गेली आणि अडकली. मी म्हटलं, थोडा जोर द्या. मी म्हटलं ते. मला आठवतंय. कडकन फुटली आणि त्यांच्या करंगळीखाली अर्धा इंच कापलं. रक्त काउंटरवर, श्रावणात, फुटलेली बांगडी. त्या बाईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तू हळद लावलीस, पट्टी बांधलीस. मग साबणाचं बोट फिरवून दोन दहा चढवलीस. न अडता गेली, मनगटावर बसली, हलवली तरी निसटली नाही. आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘‘अहो, हात म्हणजे पाइप नव्हे.’’

सगळ्या हसल्या. वैशालीबाईसुद्धा.

गाडीत बसून मला जे आठवलं ते लिहितो, कारण इथे लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. पान ६४. त्याच्यावर वर लिहिलंय: ‘बांगडीचा व्यास आतून मोजावा. हाताचा व्यास मोजता येत नाही. हात दाबल्यावर किती दुमडतो तो त्याचा व्यास. सुजलेला हात दुमडत नाही, त्याला मापापेक्षा एक पायरी वर द्यावी. घाबरलेला हातही दुमडत नाही, त्याच्याशी आधी बोलावं.’ माझ्या २१८ पानांत असं एकही दुसरं वाक्य नाही. कृतिकाबाई जिथे जातात तिथे हेच वाचून दाखवतात. पाठ आहे त्यांना.

ते वाक्य मी सांगितलेलं नाही. तात्यांनीही नाही. तात्या २००९ च्या श्रावणात डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे घरी होते. दुकानात तू एकटी होतीस. मी महिनाभरात एकदा आलो, दांडी पुसली, चहा प्यालो, व्यासावर अर्धा तास बोललो आणि गाळ्यावर गेलो. तीनशे बारा हात तू दाबलेस. तूच लिहिलंस. आणि मी यादीत तात्यांचं नाव टाकलं, कारण माणूस गेलेला होता, आणि गेलेल्या माणसाचं नाव टाकलं तर आपलं कमी होत नाही. यादी दुसऱ्यांदा वाचतानाच मला कळलेलं. तिसऱ्यांदा वाचली ती उगाच.

हे वाचून तू जिंकलीस असं समजू नकोस. मला अजून रागच आहे. पंधरा वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस, अहो, हे माझं आहे. एकदा म्हणायचं होतंस! मी काय तोंडावर हात ठेवला होता? प्राचीला विचारलं तर म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही ठेवला नव्हता, तुम्ही बोलत होतात.’’ दोघी एका माळेच्या.

आणि निघताना तू गल्ल्याखालून पानं काढून काउंटरवर ठेवलीस. लाल दोऱ्यात बांधलेली, क्रमाने. ‘‘घ्या. मला ठेवायची नव्हती. तुम्ही काय करता ते बघायचं होतं.’’

बघायचं होतं म्हणे. मी काय सर्कस आहे? पानं मिळाली. चौदाच्या चौदा. पान ६८ वर हात क्रमांक १४३ च्या मनगटाचा घेर तू १८१ लिहिलायस, तो १५१ पाहिजे. बाकी बरोबर.

दामाजी

कोपरी
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

विनिता,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. आलं नाही तरी हे लिहितोय, कारण तू दुसऱ्या कोणाकडून ऐकलंस तर ते चुकीचं ऐकशील. कृतिकाबाई तुझ्या दुकानात येऊन गेल्या असं प्राची म्हणाली. तू त्यांना चहा पाजलास आणि हात बघून दोन चार चढवल्यास. बरं केलंस. पण तुझ्याशी बोलून त्यांनी तुला गोडीत घेतलं असेल तर हे वाच.

३० ऑगस्टला मी सगळी पानं घेऊन नौपाड्याला गेलो. वही परत शिवून नेलेली, तुझाच लाल दोरा वापरला, पांढरा संपलेला. पानं पुढे ठेवली आणि म्हटलं, पान ६१ ते ७४ माझी नाहीत. कव्हरवर दोन नावं पाहिजेत.

कृतिकाबाई हसल्या. ‘‘काका, मागच्या वेळी तुम्ही प्राचार्यांचं नाव काढायला लावलंत. मी साहेबांशी भांडून काढलं. आता तुम्ही दुसरं आणताय?’’

म्हटलं, त्यांनी काम केलं नव्हतं. हिने केलंय.

‘‘काकूंचं नाव आभारात टाकू ना. ठळक टाकू.’’

आभारात कशाला? भाजी निवडून दिली का तिने?

मग त्यांचे साहेब बाहेर आले. पांढरा शर्ट, बोलायला मऊ. म्हणाले, ‘‘शेवाळे, तुमची गोष्टच विकली जाणार आहे. दहावी नापास टर्नर, एकट्याने, एकोणीस वर्षं. जाहिरात तशी तयार आहे. दोन नावं टाकली की ते नवरा-बायकोचं हौशी काम दिसतं. लोकांना एकटा माणूस आवडतो.’’

एकटा माणूस! विनिता, मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं लिहितो. मला ते आवडलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी बापाने चारचौघांत जे म्हटलेलं, त्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. मी विचार करून सांगतो म्हणून घरी आलो. एक महिना विचार केला. एक महिना लागला, हेही लपवत नाही.

त्या महिन्यात साहेबांनी सगळं मान्य केलं. सोळा भाग तसेच राहतील, शेजारी बरोबर मिलिमीटर. दोन दहा दोन आठच्या नंतर. काळुराम, भीमाबाई, सिस्टर, एक्केचाळीस नावं मागे, काना-मात्रेसकट. कागदही मी सांगितला तो. मी मागितलं आणि त्यांनी दिलं नाही असं एकच राहिलं.

माझ्या डोक्यात सारखं येत होतं, पुस्तक छापून आल्यावर कोणीतरी दुकानदार मला फोन करेल आणि विचारेल, काका, घाबरलेल्या हाताशी आधी काय बोलायचं? मी काय सांगणार होतो? मला माहीत नाही. तू काय बोलतेस ते मी कधी ऐकलेलंच नाही.

काल करार पुढे आला. पाच पानं, मी कलमन् कलम वाचलं. कलम अकरा: ‘सदर पुस्तकातील संपूर्ण मजकूर, मोजमापे व निरीक्षणे लेखकाने स्वतः, एकट्याने केलेली आहेत.’ खाली सहीची जागा. साहेबांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, ‘‘शेवाळे, घरातलंच आहे हो, काकू काय कोर्टात जाणार आहेत?’’

मला इतका राग आला की पेन टेबलावर ठेवताना त्याची निब वाकली. त्यांचं पेन. त्याचे पैसे देतो म्हटलं, ते नको म्हणाले.

वही घरी आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणा प्रकाशकाची नजर नाही आणि मी कोणाच्या दारात जाणार नाही. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. रागाने केलं, आणि अजून राग उतरलेला नाही, थोडा त्यांच्यावर, थोडा तुझ्यावर, बाकीचा कोणावर ते तुला माहीत आहे. घरी ये असंही लिहीत नाही, ते तुझं तू बघ.

फक्त आकडा नीट माहीत असावा. कव्हरवर एकट्या दामाजी शेवाळे यांचं नाव, कलम अकराखाली सही, आणि एकरकमी दोन लाख दहा हजार रुपये. मी नाही म्हटलं.

दामाजी